जमीन गेली, पण कशी?

यवतच्या पारावर बसून कोणत्याही घराच्या जमिनीची चौकशी करा, उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : 'गेली'. आजोबांच्या वेळी बारा एकर होती. त्यातली तीन कुळकायद्यात गेली, दोन सावकाराकडे गेली, एक कालव्यात गेली, थोडी रस्त्यात गेली, उरली ती भावकीत गेली. सांगणारा हे अगदी शांतपणे सांगतो. एखादे माणूस वारले असे सांगावे तसे. ऐकणाराही 'हं' म्हणतो आणि दोघे मिळून चहा पितात.

मी तीसेक वर्षे बँकेत काढली. त्यातली काही वर्षे पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या याच पट्ट्यात, ऊस, गुऱ्हाळे आणि पीककर्जाच्या फायलींमध्ये गेली. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो. कादंबरीत 'जमीन गेली' एवढे दोन शब्द पुरतात, वाचक हळहळतो आणि पान उलटते. बँकेत मात्र ते पुरत नसत. समोरच्याला विचारावे लागे, गेली म्हणजे नेमकी कशी गेली? विकली, गहाण टाकली, जप्त झाली, कोणी दांडगाईने घेतली, की तुम्ही वीस वर्षे तिकडे फिरकलाच नाहीत? या प्रश्नावर बहुतेकजण गप्प होत. कारण 'गेली' या क्रियापदाची गंमत अशी, की त्यात नेणारा कोणी दिसतच नाही. जमीन जणू आपल्या पायांनी उठून गेली!

कायद्याला हे मान्य नाही. त्याच्या लेखी जमीन जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेला निराळे नाव आहे. प्रत्येक नावाला निराळा इलाज आहे, आणि त्या इलाजाला मुदत आहे. नाव चुकले की दार चुकते, आणि योग्य दार सापडेपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून आज ही नावे जरा नीट पाहू.

मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा

पहिली गाठ मालकी आणि ताबा या दोन शब्दांची. आपण ते एकाच अर्थाने वापरतो. पण घर तुमच्या मालकीचे असून ताबा भाडेकरूचा असू शकतो. शेत गहाण टाकून त्याची वहिवाट सावकाराला दिली, तर मालक तुम्ही आणि ताबा त्याचा. याला आपल्याकडे ताबेगहाण म्हणतात. उलट, जमीन आपल्याच हाती ठेवून नुसता कागद लिहून दिला तर ते नजरगहाण. सातबाऱ्याच्या उताऱ्यातसुद्धा हीच जोडी आहे. गाव नमुना सात हक्काचा, आणि बारा पिकाचा. सात सांगतो जमीन कोणाच्या नावे आहे, बारा सांगतो तिच्यात काय पेरले आहे.

आता सामान्य माणसाला चकित करणारी गोष्ट. कायदा नुसत्या ताब्यालाही संरक्षण देतो, आणि प्रसंगी ते मालकाविरुद्धही देतो. शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याचा मार्ग सोडून कोणी हुसकावले, तर १९६३ च्या विशिष्ट दाद कायद्याच्या कलम ६ खाली त्याला दिवाणी न्यायालयात जाऊन ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारलाच जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा काढला, एवढेच पाहिले जाते. मालक असशील तर मालकीचा दावा वेगळा लाव, पण आधी ज्याचा काढलास त्याचा ताबा परत दे, असा हा न्याय. याला मुदत आहे सहा महिने. सरकारविरुद्ध हा दावा चालत नाही, आणि त्याच्या निकालावर अपील नाही.

मालकापेक्षा कब्जेदाराची बाजू घेणे अन्यायाचे नाही का, असे कोणी विचारील. पण पर्याय काय, ते पाहा. ज्याचा हक्क खरा त्याने स्वतःच जाऊन घ्यावे असे ठरले, तर प्रत्येकजण स्वतःचा न्यायाधीश होईल आणि निकाल काठीने लागतील. ताब्याचे संरक्षण हे मुळात शांततेचे संरक्षण आहे.

शेतकऱ्याला याहून जवळचे दार आहे, ते तहसील कचेरीचे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली शेतजमिनीतून बेकायदा काढलेल्याला तहसीलदार ताबा परत देऊ शकतो. एवढेच नव्हे, तर विहिरीचे, पाटाचे अडवलेले पाणी आणि वहिवाटीची अडवलेली वाटही मोकळी करून देऊ शकतो. मुदत इथेही सहा महिने. कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या या भागात या कलमाइतके उपयोगी कलम थोडेच असेल. पण बांध कोरला, चारी बुजवली की आपण आधी भांडतो, मग रुसतो, मग पाहुण्यांची बैठक बसवतो. बैठका तीन होतात, दिवाळी येते, आणि सहा महिने उलटतात. गोष्ट मारामारीपर्यंत जाण्याचे लक्षण दिसले, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे ताब्याची चौकशी होते. ते पूर्वीच्या फौजदारी संहितेचे कलम १४५. १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेत १६४ झाले. तिथे पोलीस अहवालाच्या आधीच्या दोन महिन्यांत जबरदस्तीने काढलेल्या माणसाला ताब्यात असल्यासारखेच मानता येते. दोन महिने आणि सहा महिने, या दोन मुदती शेतकऱ्याच्या घरी पंचांगाशेजारी लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

करडे ते सुपे

यवतहून सोलापूरच्या दिशेने निघाले की चौफुला लागतो. तिथून उत्तरेला न्हावऱ्यावरून शिरूरचा रस्ता, दक्षिणेला सुप्यावरून मोरगाव-बारामतीचा. या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दीडशे वर्षांपूर्वी, जमीन आणि घर जाण्याच्या प्रश्नाने साऱ्या मुंबई इलाख्याला हादरा दिला होता.

शिरूर तालुक्यातील करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला. रक्कम सुमारे दीडशे रुपये. त्यापोटी त्याने देशमुखांचे राहते घर पाडायला घेतले. गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. न्हावी येईना, पाणी भरायला माणूस मिळेना. ही हवा गावोगाव पसरली आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात तिचा भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. यवतही त्याच तालुक्यातले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावामागून गाव पेटले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने रोखे, खतपत्रे मुकाट्याने काढून दिली तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद हाती आले की त्यांची होळी होई. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की आपली जमीन नांगराने गेलेली नाही, दरोड्यानेही गेलेली नाही. ती अंगठ्याने गेली आहे. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले होते ते आपल्याला ठाऊक नव्हते. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथे आपण हजरच नव्हतो. आणि तरीही सगळे कायदेशीर होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाण्याचा अधिकार दिला. मूळ मुद्दल किती, व्याज किती, व्याजाचे मुद्दल कधी झाले, हे सारे खणून काढण्याचा. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. खास गहाण न टाकलेली जमीन हुकूमनाम्यापोटी जप्त करण्याला आडकाठी आली. करड्याची आठवण मला आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही दिसते. नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याचे स्वतःच्या वापरातले राहते घर, त्याची अवजारे, त्याची जनावरे आणि बी-बियाणे जप्त करता येत नाही. घर म्हणताना कायद्याने त्याच्या सामानाचाही, म्हणजे दगड-लाकडाचाही, मुद्दाम उल्लेख केला आहे. अर्थात घर गहाणच टाकलेले असेल, तर त्या गहाणाच्या वसुलीला हे संरक्षण आड येत नाही.

विकले नाही, नुसता कागद केला

कायदा एक दार लावतो, तेव्हा व्यवहार दुसरे उघडतो. १८७९ नंतर सावकारांनी गहाणखत लिहून घेणे कमी केले आणि सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडले की जमीन परत देईन, हे वचन नुसते तोंडी. ते ओळखून त्या कायद्यात पुढे दहा-अ कलम घालावे लागले, म्हणजे कागदावर 'खरेदी' असले तरी व्यवहार खरोखर काय होता हे तपासता यावे. आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे : मुदत खरेदी.

ही मुदत खरेदी अजून जिवंत आहे. पीककर्जाच्या हंगामात शाखेत एकजण तरी असा येई. हातावर मातीचे घट्टे, उसाची सगळी माहिती तोंडपाठ, आणि सातबारा दुसऱ्याच्याच नावे. विचारले की म्हणे, "साहेब, रान माझंच आहे, मीच कसतोय. मुलीच्या लग्नाला पैसे घेतले होते, म्हणून फक्त कागद केलाय त्यांच्या नावावर." फक्त कागद! त्याच्या मते त्याने जमीन तारण ठेवली होती. दुय्यम निबंधकाच्या दप्तराप्रमाणे त्याने ती विकली होती, किंमत मिळाल्याचे कबूल केले होते आणि ताबाही दिल्याचे लिहून दिले होते. प्रत्यक्षात तो अजून शेतात होता, पण कागदावर तो कधीच बाहेर पडला होता. काही काळाने सावकाराचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला की हा म्हणणार, 'जमीन गेली'. वास्तविक ती त्या सहीच्या दिवशीच गेली होती.

इथे एक बारीक पण जीवघेणी अट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली अशी दुरुस्ती झाली, की जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिली असेल तरच ते गहाण ठरू शकते. खरेदीखत एका कागदावर आणि परत देण्याचा करार दुसऱ्या कागदावर असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते गहाण नव्हे. गहाण असेल तर पैसे फेडून जमीन सोडवण्याचा हक्क सहजी मरत नाही. ताबेगहाणात नुसता काळ लोटला म्हणून सावकार मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. विक्री असेल तर मात्र सोडवायला काही उरतच नाही. तेव्हा दोन कागद करू या, सोयीचे पडते, असे कोणी गोड बोलून सांगितले, की समजावे पाणी कुठे मुरते आहे.

अशा फसलेल्यांसाठी महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने एक वाट ठेवली आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन विक्री म्हणून लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाले तर तो दस्त रद्द ठरवून ताबा परत देण्याचा आदेश होऊ शकतो. व्यवहार अर्जाच्या मागच्या पंधरा वर्षांतला असावा लागतो. पण यात अडचण पुराव्याची येते. रोख दिलेले व्याज, वहीतली नोंद, फोनवरचे बोलणे, यांतले काही ना काही जपून ठेवलेले असावे लागते. आपला माणूस नेमका विश्वासाने चालतो आणि पावती मागणे त्याला अपमानाचे वाटते.

वर्तमानपत्रातली ताबा नोटीस

याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात 'ताबा नोटीस' आपण पाहिली असेल. बँकेचे नाव, कर्जदाराचे नाव, फ्लॅटचा तपशील, आणि जनतेने या मालमत्तेचा व्यवहार करू नये असा इशारा. ज्याचे नाव छापून येते त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. पण त्या नोटिशीचा अर्थ घराबाहेर काढले असा नसतो. बहुतेक वेळा तो 'प्रतीकात्मक ताबा' असतो. दारावर नोटीस चिकटते, छायाचित्र काढले जाते, माणसे मात्र आतच असतात. ही कल्पना जुनीच आहे. दिवाणी हुकूमनाम्यात जागा कुळाच्या वहिवाटीत असेल, तर वॉरंटाची प्रत चिकटवून आणि दवंडी पिटून ताबा दिल्याचे जाहीर करण्याची तरतूद आहे. ढोल वाजला की कायद्याच्या लेखी ताबा बदलला. आता ढोलाचे काम वर्तमानपत्र करते, एवढेच.

२००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेने आधी साठ दिवसांची मागणी नोटीस द्यायची असते. कर्जदाराने हरकत घेतली तर पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्यानंतरच ताबा. ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, द्यावी लागते. खरोखर कुलूप लावायचे तर बहुधा जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पोलिसांसह यावे लागते. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला पंचेचाळीस दिवस मिळतात. आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून, सारी थकबाकी भरून मालमत्ता सोडवायची तर ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आत भरावी लागते. नोटीस न स्वीकारणे, पोस्टमनला 'घरी कोणी नाही' म्हणून सांगणे, हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. त्याने मुदत थांबत नाही, फक्त आपल्याला कळत नाही.

शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावे असे हे, की शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. तिथे बँकेला न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात जावे लागते. सोसायटीचे कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि त्यावर जप्ती येते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात बँकेचा बोजा चढला म्हणजे जमीन गेली, असे समजून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. बोजा ही नुसती खूण आहे. ताबा तुमचा, पीक तुमचे. कर्ज फिटले की मात्र बोजा कमी केल्याचा फेरफार आठवणीने करून घ्यावा.

बारा वर्षांची झोप

पुण्याच्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी रस्त्यालगत काही गुंठे घेतले, दगड रोवले, आणि नंतर नोकरी-संसारात तिकडे जाणे राहून गेले. शेजारच्याने आधी जनावरे बांधली, मग गोठा घातला, मग कुंपण ओढले. अशाच वेळी बारा वर्षांचा नियम पुढे येतो. दुसऱ्याने मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग बारा वर्षे ताबा ठेवला आणि मालकाने दावा केला नाही, तर मालकाचा हक्कच मावळतो. सरकारी जमिनीला हीच मुदत तीस वर्षांची आहे. झोपलेल्याला कायदा उठवत नाही.

पण याचा विपर्यासही फार होतो. 'बारा वर्षे कसतोय, आता माझीच' हे खरे नव्हे. नुसता ताबा पुरत नाही. तो मालकाविरुद्ध, मालकाला कळेल असा असावा लागतो. परवानगीने राहणारा कितीही वर्षे राहिला तरी मालक होत नाही. गोव्यातल्या एका खटल्यात बहिणीचे घर सांभाळायला राहिलेल्या भावाने ताब्याचा हक्क सांगितला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राखणदार, नोकर किंवा आपुलकीने ठेवलेला नातेवाईक यांचा ताबा हा मालकाचाच ताबा असतो. तेव्हा कोणाला जागा सांभाळायला दिलीत, तर दोन ओळी लिहून घ्या. त्याने प्रेम आटत नाही; उलट पुढची पिढी कोर्टात भेटण्याची वेळ टळते.

बहिणीची सही

आता सगळ्यांत हळवी वाट, भावकीची. तिच्यात ट्रॅक्टर येत नाही, बेलीफ येत नाही, ढोल वाजत नाही. वडील जातात. दशक्रिया, तेरावा होतो. वारस नोंदीचा विषय निघतो आणि कोणीतरी बहिणींना म्हणते, "आता आलाच आहात तर हक्कसोड करून टाका, पुन्हा हेलपाटा नको."

शाखेत एकदा वडिलांच्या ठेवीचे पैसे घ्यायला आलेल्या एका बाईने मला हळूच विचारले होते, "साहेब, जमिनीची सही केली नाही, तर मला माहेर राहील का?" बँकेच्या कोणत्याच परिपत्रकात याचे उत्तर नव्हते. मी तिला एवढेच सांगितले, की सही करणे किंवा न करणे हा तुमचा अधिकार आहे, पण ज्यावर सही करता तो कागद आधी वाचून घ्या. ती म्हणाली, "वाचला तर विश्वास नाही असं वाटंल त्यांना." करड्या-सुप्याच्या कुणब्याला कागद वाचता येत नव्हता. हिला वाचता येत होता, पण वाचण्याची मुभा नव्हती.

कायदा इथे बाईच्या बाजूने बराच पुढे आला आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. २००५ साली साऱ्या देशात लेकींना तो मिळाला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे उघडत नाहीत.

आणि ताब्याबद्दल म्हणाल, तर सहहिस्सेदारांचा नियम फार सुंदर आहे : एकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा. भाऊ एकटा वीस वर्षे कसतो, सातबाऱ्यावर एकट्याचे नाव आहे, एवढ्यावरून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. तिचा हक्क उघडपणे नाकारून तिला बाहेर काढले असे सिद्ध व्हावे लागते. वकील त्याला 'आऊस्टर' म्हणतात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले हे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत हिश्शाचा दावा करता येतो. म्हणजे ज्या दिवशी भाऊ तोंडावर म्हणाला, "तुझं इथं काही नाही," त्या दिवसापासून मोजणी सुरू. बायका हे वाक्य गिळून टाकतात. निदान त्याची तारीख तरी कुठे लिहून ठेवावी.

नोंदणीकृत हक्कसोडपत्राने मात्र हक्क खरोखर जातो. तलाठ्यापुढचा नुसता जबाब म्हणजे हक्कसोड नव्हे, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही की जातही नाही. ती महसुलाची नोंद आहे. तरीही फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांत हरकत घ्यावी. पुढचा सारा वाद त्या एका कागदाने सोपा होतो.

सरकारने घेतली ती

कालवा, धरण, रस्ता यांत गेलेल्या जमिनीला नाव आहे संपादन. ते विकणे नव्हे, हुसकावणेही नव्हे. मोबदला देऊन, कायद्याच्या अधिकाराने घेणे. या भागाने त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. पानशेत, वरसगावच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसन दौंड तालुक्यात झाले. त्यांना द्यायची जमीन लाभक्षेत्रातल्या कोणाची तरी घेतली गेली, आणि कित्येक सातबाऱ्यांवर 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा उमटला. एकाची गेलेली भरून काढायला दुसऱ्याची गेली. कुळकायद्याचेही तसेच. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला पुण्यातल्या वाड्यात 'जमीन गेली' म्हणून सुस्कारा निघाला असेल, त्याच दिवशी इथल्या एखाद्या खोपटात 'जमीन आली' म्हणून गूळ वाटला गेला असेल. गेली म्हणणारा आपली एकच बाजू सांगत असतो, हेही ध्यानात ठेवावे.

संपादनातही ताबा कागदावर जातो. मोकळ्या जमिनीचा पंचनामा झाला की ताबा सरकारकडे गेला, त्यानंतर तिथे नांगर धरणारा अतिक्रमक, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये म्हटले. पण सरकारलाही मोकळे रान नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तरी कलम ३००-अ सांगते, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हिमाचल प्रदेशात एका अशिक्षित विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये संपादनाशिवायच रस्त्यासाठी घेतली होती. इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून मालकीही आमची, असा सरकारचा युक्तिवाद. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून तिला मोबदला द्यायला लावला. तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती.

तात्पर्य काय? जमीन दांडगाईने जाते त्याहून अधिक वेळा ती सहीने आणि गप्प बसण्याने जाते. दांडगाईला सहा महिने आहेत, बँकेच्या ताब्याला पंचेचाळीस दिवस, फेरफाराला पंधरा, आणि नात्यातल्या अन्यायाला बारा वर्षे. या साऱ्या मुदतींची सुरुवात एकाच गोष्टीने होते : आपल्याशी काय घडले त्याचे नाव कळणे.

आज रविवार आहे, मंडळी घरात आहेत. माळ्यावरची ती पत्र्याची पेटी खाली काढा. सातबारा आता मोबाईलवरही मिळतो; तो आणि जुने फेरफार शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मुलाला बसवा, मुलीला बसवा, सुनेलाही बसवा. कोणी विचारले, "हे नाव कोणाचं? आपलं कुठं गेलं?", तर 'गेली' एवढे म्हणून उठू नका. कोणी नेली, कोणत्या कागदाने आणि कोणत्या तारखेला, ते सांगा. आणि आपल्याला सांगता आले नाही, तर ते शोधायचे काम त्या विचारणाऱ्या पोरीकडेच द्या.